वाघोडियातली मोठी डिप

कारेलीबाग, बडोदे
१० ऑगस्ट २०२५

प्रिय मोहनामावशी,

तुला नमस्कार, पण घाईतला, कारण मला बसवतच नाहीये. फोनवर मी नुसतं ‘बरी आहे’ म्हणते म्हणून तू पत्रं लिहायची शिक्षा दिलीस ना? घे मग पहिलं पत्र. आणि त्यात पहिली बातमी: आज मी डिप दिली! माझी स्वतःची, पहिली!

वाघोडियाच्या आमच्या कारखान्यात सगळे टाकीभोवती उभे होते. केयूरभाई म्हणजे आमचे प्लँटचे साहेब. ते म्हणाले, “चालो अवनीबेन, आज तुमचा हात.” मी हात वर केला. छाती अशी धडधडत होती! मग हात खाली आणला, आणि डिप. टाकीत खळबळ, धूर, आणि थोड्या वेळानं वर आलं ते काय चमकत होतं! गणपतराव सगळ्यात जुने, जळगावकडचे. ते म्हणाले, “मॅडम, पहिल्यांदाच इतकी स्वच्छ डिप कुणाची झाली नव्हती.” मी घरी येईपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते.

खोली छान आहे. घरमालकीण अहल्याताईंच्या आजोबांनी संस्थानच्या वेळी सरकारी खात्यात नोकरी केलेली. बोलतात आपल्यासारखंच, पण मध्येच ‘बारी उघड’ म्हणतात. मी पहिल्या दिवशी बारी शोधत बसले. बारी म्हणजे खिडकी! “तुला इथं फावेल,” म्हणजे मानवेल, असं त्या रोज म्हणतात. फावतंय, मावशी.

तुझी,
अवनी


नाशिक
१७ ऑगस्ट २०२५

चि. अवनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. तुला पोहता कधीपासून येतं? सांगलीला कृष्णेच्या काठावर तुला पाण्यात पाय घालायला लावायचं तर दोन माणसं लागायची. आणि कंपनीच्या टाकीत डुबकी मारायची ही कुठली पद्धत? साहेबासमोर? सगळे गडी उभे असताना? बायकांची वेळ वेगळी ठेवायला सांग. पाणी बदलतात का ते बघ. धूर कसला निघत होता? क्लोरीन जास्त झालं असेल. केस धुऊन घेत जा.

आता माझं ऐक. मी गाडी शिकते आहे. हसू नकोस. तुझ्या काकांची गाडी वर्षभर बहुतेक कव्हर घालूनच उभी आहे, कुठं जायचं तर शेजारच्या नंदूला चालवायला बोलावून बोलावून कंटाळले. त्रेसष्टाव्या वर्षी शिकू नये असा कायदा नाही. क्लासचा तो आशय म्हणून मुलगा आहे, फार मोठ्यानं बोलतो. काल दिवेलागणीला गंगापूर रस्त्यावर समोरून ट्रक आला तसा हा ओरडला, “काकू, डिप करा! डिप करा!” मी मान खाली घातली. पार स्टिअरिंगला टेकवली. गाडी त्यानं त्याच्या बाजूच्या ब्रेकनं थांबवली आणि म्हणाला, “काकू, तुम्ही नाही, लाइट!”

त्यामुळे तुझ्या डिपचा काय अर्थ असेल याबद्दल मला आता जरा शंका येते आहे. सविस्तर लिही.

तुझी,
मोहनामावशी


कारेलीबाग, बडोदे
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी अहल्याताईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. स्टिअरिंगला मान टेकवलीस! बरं वाटलं, मला एकटीलाच हा शब्द छळत नाहीये.

अगं, मी नाही डुबकी मारत, लोखंड मारतं. आमच्याकडे लोखंडाला जस्त चढवतात, म्हणजे ते गंजत नाही. रस्त्यावरचे दिव्याचे खांब बघ, राखाडी असतात, ते सगळे कुठल्या तरी अशाच टाकीतून निघालेले. आधी लोखंड ॲसिडमध्ये धुवायचं, मग पाण्यात, मग एका मिठासारख्या द्रावणात, आणि शेवटी क्रेननं उचलून वितळलेल्या जस्तात बुडवायचं. साडेचारशे अंश! त्या बुडवण्याला डिप म्हणतात. टाकीपाशी जबाबदार माणसानं हात खाली केल्याशिवाय क्रेन खाली येत नाही. माझ्या पाळीत तो हात माझा.

आणि हा शब्द इथं कुठं कुठं नाही! जस्ताचा भाव उतरला की केयूरभाई फोनवर सांगतात, “डिपमां लेवानुं,” म्हणजे स्वस्तात घेऊन ठेवायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धावत टाकीकडे गेले, म्हटलं काय घ्यायचं राहिलंय आत? दुपारी दिवे मिणमिणले की इलेक्ट्रिशियन ओरडतो, “डिप आला!” कँटीनमध्ये पिशवीचा चहा म्हणजे ‘डिप’. आणि अहल्याताईंनी परवा सांगितलं, “वटाणे डीपमध्ये ठेव.” मी विचारलं, कशात बुडवू? तर तो फ्रीजचा वरचा कप्पा!

आता खरी बातमी. छोटाउदेपूरकडच्या एका गावात ओढ्यावर पायपूल होतोय. पावसाळ्यात मुलांची शाळा बुडते तिथली. पुलाचं सगळं लोखंड आमच्याकडे येणार आहे. ठेकेदार प्रतापसिंहराव बडोद्याच्या जुन्या मराठा घराण्यातले, सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. पुलाची मोठी चौकट आमच्या टाकीपेक्षा लांब आहे. मग आधी एक बाजू बुडवायची, मग फिरवून दुसरी. याला डबल डिप म्हणतात, आणि मधला जोड दिसू न देणं ही खरी कसोटी. केयूरभाईंनी ते काम कुणाला दिलं असेल?

मला, मावशी! मला!

अवनी


नाशिक
२ सप्टेंबर २०२५

चि. अवनी,

शाब्बास! पत्र घेऊन मी खाली नंदूच्या घरी गेले आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. साडेचारशे अंश म्हणताना मी जरा थांबले, परिणाम चांगला झाला. तुझ्या आईला फोनवर मी अंश सांगितलेले नाहीत. तूही सांगू नकोस.

पण मला सांग, त्या टाकीपासून किती लांब उभी असतेस? आणि ते गणपतराव? अंगावर काय घालता? जस्त उडतं का? शाळेत खेळ शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. भाला फेकताना पोरं कुठं उभी आहेत हे मी आधी बघायचे, भाला कुठं पडला ते नंतर. म्हणून विचारते.

माझी लायसन्सची टेस्ट याच महिन्यात आहे. आशय म्हणतो, “काकू, तुम्ही तयार आहात.” हल्ली तो हळू बोलतो, म्हणजे त्याला भीती वाटेनाशी झाली आहे किंवा त्यानं आशा सोडली आहे.

मोठी डिप झाली की त्याच दिवशी पत्र टाक.

मोहनामावशी


कारेलीबाग, बडोदे
२० सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. इथं सगळं ठीक. नवरात्र दोन दिवसांवर आलंय, सोसायटीत मांडव पडलाय. अहल्याताईंनी मला त्यांच्या तरुणपणची चणियाचोळी दिलीय, जरा सैल होते. परवा सयाजीगंजात सेव-उसळ खाल्ली, फार तिखट होती. हवा अजून दमट आहे. तुझी टेस्ट कशी झाली?

अवनी


नाशिक
२६ सप्टेंबर २०२५

अवनी,

पत्र उलटून पाहिलं, पाकिटात बोट घालून पाहिलं. चणियाचोळी आहे, सेव-उसळ आहे, हवा आहे. डिप नाही. गणपतराव नाहीत, केयूरभाई नाहीत. काय झालंय?

आधी माझं सांगते, म्हणजे तुला सोपं जाईल. टेस्ट छान झाली असं मी सगळ्यांना सांगितलंय. मी नापास झाले. उलटी गाडी घेताना मागचा खांब पाडला. तो प्लास्टिकचा होता, पण पडला तो पडलाच. टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, “पुन्हा या.” आशय बिचारा रडवेला झाला, मीच त्याला भेळ खाऊ घातली. शाळेत मी हजार पोरांना सांगितलं असेल की हरण्यात कमीपणा नाही. स्वतःवर आलं तेव्हा खोटं बोलले.

आता तुझी पाळी.

मोहनामावशी


कारेलीबाग, बडोदे
३० सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग जे रडू दोन आठवडे आलं नव्हतं ते आलं. सांगते.

पुलाचं लोखंड आलं. चौकट सगळी पोकळ नळ्यांची, टोकं बंद करून जोडलेली. आता ऐक, कारण सगळं यावरच आहे. पोकळ नळी टाकीत बुडवायची तर तिला भोकं लागतात, आतली हवा आणि ओल बाहेर जायला. नळी बंद असेल आणि आत थोडं जरी पाणी असेल, तर तापलेल्या जस्तात त्या पाण्याची क्षणात वाफ होते, नळी फुटते आणि सगळं जस्त उसळून बाहेर येतं. टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसांवर.

मुख्य नळ्यांना भोकं होती, आडव्यांना दिसेनात. मी विचारलं. प्रतापसिंहरावांचा माणूस म्हणाला, भोकं जोडाच्या आत ठेवलीत, पूल बाहेरून देखणा दिसावा म्हणून. असं करतात, मावशी, पण एकदा जोडल्यावर ते बाहेरून कळत नाही. तोवर चौकट ॲसिडमधून, पाण्यातून निघून क्रेनला टांगली होती. सगळे उभे होते. प्रतापसिंहराव स्वतः आले होते. मी हात वर केला, आणि मला एका जोडाखाली थेंब दिसला. पुसायला लावला. पुन्हा आला. पुन्हा पुसायला लावला. पुन्हा आला.

गणपतराव म्हणाले, “मॅडम, बाहेरचंच पाणी असतं, खाचेत राहतं.”

केयूरभाई म्हणाले, “अवनीबेन, चालो. मोडुं थाय छे.” उशीर होतोय म्हणे.

मी म्हटलं, “एक भोक पाडून बघू.”

मग प्रतापसिंहराव पुढे झाले. ते म्हणाले, “माझ्या माणसानं आतून भोकं ठेवली आहेत. मी शब्द देतो. माझा शब्द पुरत नाही का?”

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “सर, जस्ताला शब्द कळत नाही.”

माझा हात वरच होता. तो मी खाली केलाच नाही, मावशी. शेवटी मागे वळून, क्रेनवाल्याला ‘बाजूला घे’ म्हणून सांगितलं. प्रतापसिंहराव गाडीत बसून गेले. केयूरभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. “हमणां ऑफिसमां बेसो,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी ऑफिसमध्ये बसते. टाकीचा धूर काचेतून दिसतो. नवरात्रात सगळे गरब्याला जातात, मी एकदाही गेले नाही.

आज कळलं की प्रतापसिंहराव ती चौकट दुसऱ्या कारखान्यात नेणार आहेत. परवा ट्रक येणार. मावशी, तिथं कुणी थेंब पाहिला नाही तर? माझं चुकलं असेल आणि आत काहीच नसेल तर मी जन्मभर तोंड लपवीन, चालेल मला. पण माझं बरोबर असेल तर तिथं कुणीतरी उभं असणार.

उद्या सकाळी मी त्यांच्या सयाजीगंजातल्या ऑफिसात जाणार आहे. कुणाला न विचारता, कुणी न बोलावता. केयूरभाईंना सांगितलेलं नाही. काय बोलायचं ते आत्तापासूनच तीनदा कागदावर लिहून काढलंय. पण ते भीतीनंच केलं असं नाही. तुला कळेल मी काय म्हणते ते.

अवनी


नाशिक
४ ऑक्टोबर २०२५

अवनी,

पत्र आत्ता मिळालं. तू जाऊन आली असशील. फोन हातात घेतला होता, पण तू पुन्हा ‘बरी आहे’ म्हणशील आणि माझं डोकं फिरेल, म्हणून ठेवला. जे झालं असेल ते झालं असेल. तू चुकीची निघालीस तरी त्या जागी मी असते तर हात वरच ठेवला असता, खांद्यातून निखळला असता तरी.

नोकरी गेली असेल तर सरळ इकडे ये. गाडी आहे. चालवायला नंदू आहे.

पण लवकर लिही गं. मी टपालाच्या वेळेला फाटकात उभी राहायला लागले आहे आणि पोस्टमन मला चुकवून जातो असं वाटतं.

मोहनामावशी


कारेलीबाग, बडोदे
५ ऑक्टोबर २०२५

मावशी! मावशी! मावशी!

पाणी होतं!

थांब, नीट लिहिते. अहल्याताई म्हणतायत, बारी बंद कर आणि शांत बसून लिही. पण शांत बसणं जमत नाहीये.

मागच्या पत्रात म्हटलं तसं पहिल्या तारखेला सकाळी सयाजीगंजात गेले. प्रतापसिंहराव चहा घेत होते. मला पाहून कप खाली ठेवला. “बसा,” म्हणाले. मी बसले नाही.

“माफी मागायला आलात?”

“नाही सर. ट्रक पाठवू नका, एवढं सांगायला आले.”

“तुम्हाला माझा भरवसा नाही, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर कळलं.”

मी म्हटलं, “तुमचा भरवसा आहे. पण तुम्हीही कुणाच्या तरी सांगण्यावर शब्द दिलात, सर. नळीच्या आत तुम्ही पाहिलेलं नाही. मीही नाही. एक भोक पाडू दे. कोरडं निघालं तर भोक मी बुजवून देते आणि नोकरी सोडते.”

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी एकच विचारलं, “टाकीपाशी कोण उभं असतं?”

“गणपतराव. आणि मी.”

मावशी, त्यांचा चेहराच बदलला. उठले, खुंटीवरून किल्ल्या घेतल्या आणि म्हणाले, “चला.” गाडी थेट वाघोडियाला आणली. गेटवर केयूरभाईंनी आम्हाला दोघांना एका गाडीतून उतरताना पाहिलं आणि त्यांच्या हातातला फोन तसाच कानाला राहिला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करतोय आणि हे बोलतच नाहीत!

चौकट आवारात पडलेली होती. प्रतापसिंहराव म्हणाले, “ड्रिल आणा. पाहिजे तिथं पाडा.” मी थेंबाच्या जोडाजवळ, नळीच्या खालच्या अंगाला खूण केली. गणपतरावांनी ड्रिल घेतलं. आधी कीस पडला, मग लोखंडाचा आवाज बारीक झाला, आणि ड्रिल आत गेलं.

काहीच नाही.

केयूरभाईंनी श्वास सोडला. मग गणपतरावांनी ड्रिल बाहेर ओढलं, आणि पाणी आलं! लाल, गंजकं, ॲसिडच्या वासाचं. धार लागली, मावशी! प्रतापसिंहरावांच्या बुटांवर पडली, ते हलले नाहीत. संपेचना. जोडात सुईएवढी फट राहिली होती, तिच्यातून धुताना पाणी आत गेलं होतं, आणि आतली भोकं तर कुणी पाडलीच नव्हती. मग आम्ही दुसऱ्या आडव्या नळ्या तपासल्या. आणखी काहींतूनही निघालं.

प्रतापसिंहराव तिथंच चौकटीवर बसले. ओल्या बुटांसकट. म्हणाले, “मी स्वतः टाकीच्या कडेला उभा राहून बघणार होतो त्या दिवशी.” मग उठून माझ्यासमोर आले आणि दोन्ही हात जोडले. सत्तरीचा माणूस, मावशी. मीच त्यांचे हात खाली घेतले.

केयूरभाई? ते केबिनमध्ये गेले, माझं हेल्मेट घेऊन आले, आणि माझ्या हातात दिलं. “बेन, तमारी टांकी,” म्हणाले.

प्रत्येक नळीला वर-खाली भोकं पाडली, सगळी धुऊन वाळवली, आणि काल झाली. मोठी डिप! पहिली बाजू गेली तेव्हा पुलाचं अर्धं अंग चांदीचं आणि अर्धं काळं, क्रेनला लटकत होतं. मग फिरवून दुसरी. हात खाली आणताना यावेळी माझी छाती धडधडलीच नाही, सगळं लक्ष चौकटीकडे होतं. भोकांतून हवा फसफसत निघाली, जस्त निथळलं. वर आली तेव्हा मधला जोड शोधावा लागला! पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. प्रतापसिंहराव म्हणाले, पुलावरून पहिल्यांदा मुलं जातील तेव्हा तुम्ही यायचं. मी म्हटलं, येणार.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे.

गणपतराव त्या पाण्याच्या दिवसापासून माझ्याशी बोललेच नव्हते. मला वाटलं, रागावले. आज सुट्टी, तरी त्यांनी मला गेटवर बोलावलं. त्यांच्याबरोबर त्यांची बायको, कमला. नेसलेली साडी नवी, घडीच्या रेषा तशाच. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, “त्या पाण्याचं ऐकलं. हे रोज कुठं उभे राहतात, मला बघायचंय.” गणपतराव ‘कशाला, कशाला’ म्हणत राहिले. मी सुट्टीच्या पाळीवाल्यांना सांगून तिला आत नेलं, चष्मा घातला, टाकीभोवतीच्या पिवळ्या रेघेमागे उभं केलं. एक छोटी डिप चालू होती. टाकीतून आगीचा लोट आल्यासारखं झालं, जस्त तडतडलं, आमच्या दोघींच्या गालांना आच लागली.

कमला कितीतरी वेळ बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

“वीस वर्षं मला सांगताय, नुसतं बटण दाबायचं काम आहे!”

गणपतराव घाईनं तिचा चष्मा सारखा करायला लागले. आणि आम्ही दोघी, मावशी, एकमेकींना धरून आधी हसत होतो, मग काय करत होतो ते मला सांगता येणार नाही.

तुझी,
अवनी